गेमिंग पीसीचा प्रोसेसर बदलावा की मदरबोर्डही?

गेम अडखळू लागला की नवा प्रोसेसर घेण्याचा विचार मनात येतो. परंतु नव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत अनेकदा मदरबोर्ड (ज्यावर सर्व भाग बसतात तो मुख्य बोर्ड) आणि रॅमही बदलावी लागत असल्यामुळे, दोष खरोखर प्रोसेसरचाच आहे का, हे आधी मोजून पाहावे.

त्यासाठी गेम चालू असताना वापराचे आकडे दाखवणारे एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) आणि फ्रेमची, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा बंद करून नेहमीचा गेम सुरू करावा आणि जिथे तो सर्वांत जास्त अडखळतो, म्हणजे गर्दीचे शहर किंवा मोठी लढाई, तिथले आकडे पाहावेत. ग्राफिक्स कार्डचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल, तर कार्डच पूर्ण क्षमतेने राबत आहे आणि नव्या प्रोसेसरने विशेष काही साधणार नाही. कार्ड ६०-७० टक्क्यांवरच घुटमळत असेल, तर संशय प्रोसेसरवर घ्यावा. मात्र त्याचा एकूण वापर ४० टक्के दिसला म्हणून तो मोकळा आहे असे समजू नये, कारण एखादाच कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग) पूर्ण भरलेला असला तरी गेम त्याच्यासाठी थांबून राहतो. खात्रीसाठी रिझोल्यूशन १४४०पी वरून १०८०पी वर आणावे. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडचण बहुधा कार्डाची नाही.

खर्चापूर्वी टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग अवश्य पाहावा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू केलेली नसेल, तर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते, आणि एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये रॅमच्या वेगाचा परिणाम चांगलाच जाणवतो. रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी बसवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरू शकतो.

एवढे करूनही प्रोसेसरच कमी पडत असेल, तर आहे त्याच मदरबोर्डवर काय बसते ते पाहावे. एएमडीच्या बी४५० चिपसेटच्या बोर्डावर २०१८ चा रायझन ५ २६०० वापरणाऱ्याने तर बोर्ड बदलण्याची घाई करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बायोस अद्ययावत केल्यावर बहुतेक बी४५० बोर्डांवर रायझन ५ ५६०० चालतो, आणि ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधील जलद मेमरी) असलेला रायझन ७ ५७००एक्स३डी वाजवी किमतीत मिळाल्यास तो गेमसाठी अधिक चांगला. बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसर-यादी कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावी आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावे. वीज जाण्याची शक्यता असेल, तर पीसी यूपीएसवर असावा. एएम४ (या बोर्डांवरील सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवण्याची जागा) वरचा कूलर काढण्यापूर्वी पीसी थोडा वेळ चालवून थर्मल पेस्ट गरम होऊ द्यावी आणि पीसी बंद केल्यावर कूलर हलकेच फिरवून सोडवावा, अन्यथा प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि पिना वाकतात.

इंटेलमध्ये १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे सॉकेट एकच असल्यामुळे अशी सोय आहे; मात्र १३व्या-१४व्या पिढीचे वरच्या श्रेणीचे प्रोसेसर घेताना, अस्थिरतेच्या दोषावर २०२४ मध्ये आलेला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनांची दुरुस्ती) ज्यात आहे तेच बायोस आधी टाकावे. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही आणि सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे जास्तीत जास्त चार कोअर आजच्या गेमना अपुरे पडतात. तिथे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकदमच बदलणे योग्य. एएमडीच्या एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ रॅम चालते, हे अंदाजपत्रकात धरावे.

मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल आणि गर्दीच्या प्रसंगीही फ्रेम ६० च्या खाली जात नसतील, तर यातले काहीच घेऊ नये. बोर्ड बदलायचाच असेल, तर बिटलॉकरची (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवावी आणि पीसीसोबत आलेला विंडोज परवाना नव्या बोर्डावर चालेलच असे गृहीत धरू नये, कारण असा परवाना सामान्यतः जुन्या बोर्डाशीच बांधलेला असतो.