पीपीटीला आवाज देण्याआधी: शिक्षकांसाठी तयारीची यादी

पीपीटीवर निवेदन चढवायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: पानावर, म्हणजे स्लाइडवर, काय दिसणार आणि आवाजात काय येणार. ही वाटणी झाल्याशिवाय माइक जोडू नका. पानावर पाच ओळी टाइप करायच्या आणि त्याच वाचून दाखवायच्या, असे धडे आपण सगळ्यांनीच ऐकलेत. मूल आपल्या गतीने वाचत पुढे जातं, आवाज मागून येत राहतो, आणि दोन्हीकडून अर्धवटच पदरात पडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. चित्रासोबत बोलणं असेल तर शिकणं चांगलं होतं, पण तेच बोलणं शब्दशः पडद्यावरही छापलं तर बहुतेक वेळा अडथळाच होतो, असं त्यांना आढळलं.

समजा धडा भीमा नदीचा आहे. पानावर नकाशा ठेवा, निळी रेष ठेवा आणि चारच नावं: भीमाशंकर, उजनी, पंढरपूर, कृष्णा. बाकीचं आवाजाला सांगू दे. ‘भीमाशंकरच्या डोंगरात भीमा उगम पावते. तिथून अरबी समुद्र जवळ आहे, पण सह्याद्रीचा उतार तिला पूर्वेकडे वळवतो. आग्नेयेकडे जाणारी ही निळी रेष बघा. वाटेत उजनीचं धरण, पुढे पंढरपूर. तिथे नदी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथले लोक तिला चंद्रभागा म्हणतात. शेवटी कर्नाटकात ती कृष्णेला मिळते.’ यात नुसतं ‘इथे बघा, तिथे बघा’ नाही. दिशा आहे, रंग आहे, क्रम आहे. ज्या मुलाला दिसत नाही किंवा ज्याच्या घरच्या फोनची काच फुटलेली आहे, त्यालाही नदी कुठून कुठे गेली ते कळायला हवं. डोळे मिटून संहिता, म्हणजे बोलायचा लिहिलेला मजकूर, कुणाकडून तरी वाचून घ्या. जिथे काही समजत नाही, तिथे वाक्य कमी पडतंय.

म्हणजे संहिता लिहायलाच हवी. आपल्याला धडा पाठ असला तरी लिहा, पानागणिक वेगळी लिहा, आणि बोलतो तशी लिहा. ‘उगम पावते’ चालेल, पण ‘सदर नदी ही पूर्ववाहिनी असून’ असं वर्गात कोण बोलतं? आकडे अक्षरांत लिहा. भीमेची लांबी 861 किलोमीटर असं पानावर असू दे, संहितेत ‘आठशे एकसष्ट’ लिहा. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद हे तर वाचता वाचता हमखास अडखळायला लावतात. ‘जलाशय’ आणि ‘जवळ’ एकाच ओळीत आले तर दोन्हींतले ‘ज’ एकदा मोठ्याने म्हणून पाहा. आपली बोली मात्र लपवू नका. सोलापूरच्या बाईंनी सोलापूरच्या ढंगात सांगितलेली भीमा मुलांना जवळची वाटते. पारिभाषिक शब्द तेवढे स्वच्छ आले म्हणजे झालं.

आता मराठीपुरती एक बाब, आणि माझ्या मते यादीतली सर्वांत महत्त्वाची. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. बोलणाऱ्याचा श्वासही तिथेच संपत आलेला असतो. म्हणून ‘आहे’, ‘होतो’, ‘नाही’ हे शब्द घशातच राहतात. ‘भीमा अरबी समुद्राला मिळत नाही’ या वाक्यातला ‘नाही’ बुडाला तर मुलांच्या वहीत नेमकी उलटी नदी वाहते. यावर उपाय संहितेतच करायचा. वाक्यं आखूड ठेवा, श्वासाच्या जागी तिरपी रेघ मारा, आणि प्रत्येक ‘नाही’खाली जाड रेघ ओढा. तिथे आवाज खाली सोडायचा नाही.

छापील संहिता मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला घ्या. कागद सुटे ठेवा, पिन काढून टाका, नाहीतर उलटताना होणारी खसखस थेट रेकॉर्डिंगमध्ये येते. अंदाजासाठी मिनिटाला साधारण शंभर शब्द धरा. मुलांसाठी याहून घाई नको. एका पानाला दीड मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर ते पान दोन पानांत तोडा.

खोली निवडताना टाळी वाजवून पाहा. टाळी घुमली तर आवाजही घुमणार. रिकामा वर्ग यासाठी सगळ्यात वाईट जागा. उघड्या भिंती, फरशी आणि पत्रा असलेल्या खोलीत कितीही चांगला माइक लावा, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. घरातली गाद्या, पडदे आणि कपड्यांचं कपाट असलेली लहान खोली बरी. समोर आणि मागे गोधड्या टांगल्या तर आणखी बरी. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, घरच्यांना कुकर कधी लावायचा ते आधीच सांगितलेलं. गावात पहाटेची वेळ उत्तम, पण काकडआरतीचा भोंगा कधी सुरू होतो ते लक्षात घ्या. लॅपटॉप चार्ज करून ठेवा. वीज गेली तरी काम थांबणार नाही, आणि काही लॅपटॉपवर चार्जर लावल्यावर येणारी बारीक घरघरही टळेल.

माइक महागाचाच हवा असं नाही. कॉलरला लावायचा साधा माइक पुरतो. मात्र तो फोनसाठीचा आहे की कॅमेऱ्यासाठीचा ते बघून घ्या, कारण पिनेवरच्या पट्ट्या वेगळ्या असतात आणि चुकीचा जोडला तर आवाज येतच नाही. ब्लूटूथ हेडसेट टाळा. त्याचा माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा खाली येतो. टेबलावरचा माइक असेल तर तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला ठेवा. समोर ठेवलात तर ‘फळ’, ‘भात’, ‘पाऊस’ म्हणताना हवेचा फटका माइकवर बसतो, आणि भीमेच्या धड्यात तर ‘भ’ ओळीओळीला येणार. बोलण्याआधी कोमट पाणी प्या. भरपेट जेवून बसू नका.

मग चाचणी. दोन वाक्यं बोला आणि हेडफोन लावून ऐका. ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड करून काटछाट करायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ट्रॅक मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, ठेवा, आणि आवाजाची पट्टी वजा बारा ते वजा सहा डेसिबलच्या दरम्यान खेळेल अशी पातळी लावा. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. हळू आलेला वाढवता येतो. सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करून घ्या. नॉइज रिडक्शनला, म्हणजे मागचा गोंगाट कमी करणाऱ्या त्यातल्या सोयीला, खोलीच्या गुणगुणीचा नमुना तिथूनच द्यायचा असतो. तो परिणाम हलक्या हाताने लावा, जास्त झाला की आवाज पत्र्याच्या डब्यातला वाटतो.

थेट पॉवरपॉइंटमध्ये रेकॉर्ड करणं सोपं आहे आणि बहुतेक धड्यांना तेवढं पुरतं. एक मात्र आधीच ध्यानात ठेवा. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना, त्या बदलाच्या क्षणी, पॉवरपॉइंट आवाज टिपत नाही. म्हणून पान सरकवताना गप्प राहा, नवं पान पूर्ण उघडलं की क्षणभर थांबा आणि मगच बोला. पानाच्या शेवटीही तेवढीच शांतता सोडा. चुकलं तर सगळं पुसू नका. आवाज त्या त्या पानाशी बांधलेला असतो, त्यामुळे चुकलेल्या पानावर उभं राहून ‘फ्रॉम करंट स्लाइड’ने तेवढंच पुन्हा घ्या आणि ते पान संपताच थांबा, नाहीतर पुढच्या पानांवरचं चांगलं रेकॉर्डिंगही जाईल. ज्यांना काटछाट करायची आहे त्यांनी ऑडॅसिटीत दर पानाची वेगळी फाइल करावी, तिला पानाचाच क्रमांक द्यावा, आणि पानावर चढवल्यावर ‘ऑटोमॅटिकली’ सुरू होईल असं लावून ठेवावं.

पार्श्वसंगीत घालू नका. गाणं दुसऱ्याच्या मालकीचं असतं हा एक भाग, आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर ते शब्दांवर चढतं हा त्याहून मोठा. विद्यार्थ्यांचा आवाज घेणार असाल तर पालकांची परवानगी आधी घ्या. नकाशात भारताची सीमा असेल तर ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणे आहे ना, हे रेकॉर्डिंगच्या आधी तपासा. आणि पानावरचा मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमधली मराठी दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत उघडते.

एक्स्पोर्ट करताना एमपी4 व्हिडिओ करा आणि रेकॉर्ड केलेल्या वेळा व निवेदन वापरण्याचा पर्याय निवडलेला आहे ना ते पाहा. तो निसटला तर पानं ठरावीक सेकंदांनी सरकतात आणि आवाज गायब होतो. तयार फाइल लॅपटॉपवर नाही, साध्या फोनवर, हेडफोनशिवाय, पूर्ण ऐका. मुलं तशीच ऐकणार आहेत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी संहिता हाताशी आहेच, तिचीच सबटायटल करा. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून टाकलात तर तो दाबला जाऊन नकाशातली नावं पुसट होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ पीपीटी, संहिता आणि सुट्या ध्वनिफायली एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. पुढच्या वर्षी पुस्तक बदललं तर दोनच पानं नव्याने बोलावी लागतील.