ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करायचंय? मेगाहर्ट्झचा स्लायडर शेवटी हलवा

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिप कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, म्हटलं की बहुतेकांचा हात थेट मेगाहर्ट्झच्या स्लायडरवर जातो. खरं तर त्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. आजची कार्डं आपला क्लॉक (चिपचा मेगाहर्ट्झमधला वेग) स्वतःच वरखाली करत असतात. चिप गार असेल आणि वॉटची मर्यादा गाठलेली नसेल तर क्लॉक चढतो, चिप तापली की थोडा थोडा उतरतो. म्हणजे आधी उष्णता आटोक्यात आणली तर थोडा वेग फुकटातच पदरात पडतो, आणि आवाजही बराचसा तिथेच मिटतो.

लॅपटॉपवाल्यांनी मात्र या फंदात फारसं पडू नये. तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बहुधा एकाच हीटसिंकवर (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागावर) असतात आणि व्होल्टेजची सेटिंग्ज अनेकदा बंद असतात.

१. आधी आहे ते मोजा

एमएसआय आफ्टरबर्नर (कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं) आणि एचडब्ल्यूइन्फो ही मोजमापाची सॉफ्टवेअर घ्या. एएमडीच्या कार्डासाठी त्यांच्या अ‍ॅड्रिनलिन सॉफ्टवेअरमध्येच ट्यूनिंगची सोय आहे. नेहमीचा जड गेम अर्धा तास चालवा आणि कोअरचं तापमान, हॉटस्पॉट, मेमरीचं तापमान, क्लॉक, वॉट आणि पंख्याचा वेग लिहून ठेवा.

हॉटस्पॉट म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा. ती सरासरीपेक्षा १०–२० अंश वर असणं नेहमीचंच. फरक ३० च्या आसपास गेला असेल तर चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळली असेल किंवा हीटसिंक नीट बसला नसेल. ते दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तीच चाचणी पुन्हा करा. तापमान पाच-सात अंशांनी उतरलं, तर दोष कार्डाचा नाही. कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये. जाळ्या साफ करा, पुढचा पंखा वाढवा. हवा मारून धूळ काढताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते.

२. पंख्याचा वेग कानाने ठरवा

इथे घाई करू नका. सगळे आवाज बंद करून नेहमीच्या खुर्चीत बसा. आफ्टरबर्नरमध्ये पंखा हाताने ४० टक्क्यांवर ठेवा, मग पाच-पाच टक्क्यांनी वाढवत जा. कुठेतरी एका टप्प्यावर ‘आता खुपतंय’ असं वाटेल. तो आकडा टिपून घ्या. एखाद्या ठरावीक वेगाला कार्डाचं प्लास्टिकचं आवरण घुमायला लागतं आणि थोडं पुढे गेलं की घूं थांबते, तोही वेग लक्षात ठेवा.

आता फॅन कर्व्ह, म्हणजे कुठल्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल त्याची रेषा, आखा. साधारण ७० अंशांपर्यंत वेग खुपणाऱ्या आकड्याच्या खाली राहील, ८० नंतर रेषा झपकन वर चढेल आणि घुमणाऱ्या वेगावर पंखा रेंगाळणार नाही, अशी. वेग दुप्पट झाला की आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो, म्हणून वरच्या टोकाला एकेक टक्का महाग पडतो. हिस्टेरेसिस (पंख्याने वेग बदलण्याआधी तापमान किती हलायला हवं ते) तीन ते पाच अंश ठेवा, म्हणजे तापमान जरा हललं की पंखा लगेच वरखाली करणार नाही. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, चढउताराची होत नाही.

३. वीजपुरवठा

पॉवर लिमिट (कार्डाला किती वॉट खेचता येतील ती मर्यादा) वाढवणार असाल तर आधी केबल तपासा. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ६ पिनांच्या कनेक्टरमधून ७५ आणि ८ पिनांच्या कनेक्टरमधून १५०. दोन कनेक्टर असतील तर एकाच केबलची दोन तोंडं न वापरता दोन वेगळ्या केबल लावा. १६ पिनांचा नवा कनेक्टर पूर्ण आत गेलाच पाहिजे, आणि त्याच्या मुळाशी केबल वाकवू नका.

४. व्होल्टेज उतरवा

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. क्लॉक तोच ठेवून व्होल्टेज १.०५ वरून ०.९० वर आणलं, तर चिपचा चालू कामाचा वीजवापर साधारण एक चतुर्थांशाने घटतो. तेवढी उष्णता कमी, तेवढा पंखा शांत.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबा, व्होल्टेज-क्लॉकचा आलेख उघडेल. आधी कोअर क्लॉक उणे करून सगळी रेषा खाली आणा आणि लागू करा. मग ९०० मिलिव्होल्टचा ठिपका पकडून, पहिल्या मोजणीत कार्डाने टिकवलेल्या क्लॉकपर्यंत वर ओढा आणि पुन्हा लागू करा. त्याच्या उजवीकडची रेषा सपाट होईल. गेम कोसळला तर २५ मिलिव्होल्ट वाढवा. प्रत्येक चिप वेगळी, दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

५. आता क्लॉक

आलेखावरचा तो ठिपका १५ मेगाहर्ट्झने वर, चाचणी, पुन्हा १५. कोअरची हद्द सापडल्यावरच मेमरीला हात लावा, ५०–१०० च्या टप्प्याने. दोन्ही एकदम वाढवलं तर गडबड कुणाची ते कळत नाही. मेमरीची एक खोड आहे: नव्या प्रकारच्या मेमरीत चूक झाली की माहिती पुन्हा पाठवली जाते. पडद्यावर सगळं ठीक दिसतं, पण बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या चाचणीचा) स्कोअर घसरायला लागतो. तिथून दोन पावलं मागे या.

६. खरी परीक्षा

थ्रीडीमार्क या चाचणी सॉफ्टवेअरच्या स्ट्रेस टेस्टमध्ये २० फेऱ्या होतात आणि ९७ टक्के स्थिरता असेल तरच पास. पण पास झालं म्हणजे काम झालं असं नाही. रे ट्रेसिंगचे (प्रकाशाचा हिशेब करणारे, कार्डाला जड जाणारे) गेम काही तास खेळा. गेम सुरू होताना किंवा मेन्यूत असताना कार्ड गार असतं, क्लॉक सगळ्यात वर जातो, आणि नेमकं तिथेच कोसळतं. फरमार्क ही ताण देणारी चाचणी चालवून पास झाल्याचा आनंद मानू नका. तो इतकी वीज खेचतो की कार्ड क्लॉक स्वतःच खाली आणतं. तुमची वाढवलेली सेटिंग त्यात तपासलीच जात नाही.

रंगीत ठिपके, लुकलुकणारे तुकडे किंवा पडदा क्षणभर काळा होऊन ड्रायव्हर रीसेट झाल्याची सूचना आली, तर ३० मेगाहर्ट्झ खाली या. विंडोज सुरू होताच सेटिंग लागू करण्याचा पर्याय आठवडाभर सगळं सुरळीत चालल्यावरच निवडा.

आणि पंखा शांत असूनही बारीक चिरचिर येत असेल, तर ती कार्डावरच्या कॉइलची (वीजपुरवठ्यातल्या तारेच्या वेटोळ्याची). मेन्यूत सेकंदाला शेकडो फ्रेम (चित्रं) पडत असताना ती जास्त जाणवते. मॉनिटरच्या रिफ्रेश रेटच्या जरा खाली फ्रेमची मर्यादा घाला. फॅन कर्व्ह कितीही बदलला तरी ही चिरचिर त्याने जाणार नाही.

खोली पाच अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच तापतं. म्हणून थंडीत जुळवलेलं प्रोफाइल (साठवलेल्या सेटिंग्जचा संच) उन्हाळ्यात पुन्हा तपासा. आफ्टरबर्नरमध्ये पाच प्रोफाइल मावतात, त्यातलं एक उन्हाळ्यासाठी राखून ठेवता येतं.