समुद्रगाळाचा कोअर : आधी नोंद, मग एक्स-रे

चोर्ला घाट उतरून दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत प्रकल्पासाठी जाऊ पाहणाऱ्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या भूशास्त्राच्या मुलामुलींसाठी हे टिपण. कोअर, म्हणजे समुद्रतळात नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा नमुना, एक्स-रे यंत्राखाली जाण्याआधी त्याची नोंद पुरी झालेली असावी. एक्स-रे कितीही स्वच्छ आला, पण तो कोणत्या खोलीचा हेच ठाऊक नसेल तर तो वाया गेला.

नळी उभी चिरली की एक अर्ध जपणुकीचं, दुसरं कामाचं. दोन्हींवर न पुसणाऱ्या शाईने जहाजाची सफर, स्टेशन (नमुना घेतलेली समुद्रातली जागा), कोअर आणि तुकड्याचा क्रमांक, वरची-खालची खोली सेंटिमीटरमध्ये, आणि वरच्या टोकाकडे बाण. टोपणावर लिहून भागत नाही, टोपणं अदलाबदल होतात.

अर्धगोल तुकड्याचा तसाच एक्स-रे काढला तर मध्ये जाड, कडेला पातळ, त्यामुळे थर नीट वाचता येत नाहीत. म्हणून १ सेंमी जाडीचा सपाट काप हवा. आधी कापलेला पृष्ठभाग सुरीने आडवा खरवडा. उभा खरवडलात तर वरचा गाळ खालच्या थरांवर फासला जातो. मग १ सेंमी काठाचा प्लास्टिकचा ट्रे पालथा दाबून त्याच्या काठाखालून तंगूस ओढा. याला हात बसावा लागतो. गावच्या तळ्यातला गाळ अर्ध्या पीव्हीसी नळीत भरून घरीच सराव करा. काप लगेच पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा, सुकला की भेगा पडतात आणि चित्रात त्या मूळच्याच वाटतात.

दर १० सेंमीवर शिशाचे अंक, शेजारी छटा ताडून पाहायला ॲल्युमिनियमची पायऱ्यांची पट्टी. लागोपाठच्या चित्रांत थोडा भाग सामाईक ठेवा, कारण किरण फाकतात आणि कडेचं चित्र ताणलं जातं. व्होल्टेज जितकं कमी, तितका थरांतला फरक ठळक. पण गाळ वाळूचा, दाट असेल तर ते वाढवावं लागतं. आकडा वहीत लिहा. यंत्र परवानाधारक प्रयोगशाळेतलं, चालवणारा प्रशिक्षित, अंगावर किरणमापक बिल्ला. यात तडजोड नाही.

फिल्मवर शंख-शिंपले, वाळू पांढरट दिसतात, किड्यांची बिळं बहुधा वेगळ्या छटेत. डिजिटल चित्रात काळं-पांढरं उलटं केलेलं असू शकतं, तेही नोंदवा. कडेला खाली वाकलेले थर नळीच्या घर्षणाचे असतात, समुद्राचे नव्हेत.

फाइलचं नाव म्हणजे नळीवरचाच क्रमांक. कोअर ४ अंश सेल्सिअसला परत ठेवताना काप कोणत्या खोलीपासून कुठपर्यंत काढला ते लिहा, नाहीतर पुढचा अभ्यासक त्याच जागेचा नमुना मागेल.