कल्पित नगरातली लोहारआळी : जग रचायला नव्याने बसलेल्यांसाठी

कादंबरी, कॉमिक किंवा गेमसाठी कल्पित जग रचण्याचं काम नव्याने हाती घेतलेल्यांच्या पहिल्या नगरात कोपऱ्यावर एक लोहार हमखास असतो. पिळदार दंडांचा आणि एकटा. तो लालबुंद तलवार ठोकतो, पाण्यात बुडवतो, वाफ उसळते आणि तलवार तयार! मागच्या भिंतीवर टांगलेली चिलखतंही त्यानेच केलेली. या चित्रातलं जवळजवळ काहीच कामाच्या रीतीशी जुळत नाही. ते जुळवून घेतलं, की कोळसा कुठून येतो, कोण कोणावर अवलंबून आहे, भांडणं कशावरून होतात, हे सगळं त्या एका धंद्यातून उलगडत जातं.

सुरुवात माणसं मोजण्यापासून करा. एका चांगल्या तलवारीला सात-आठ जणांचे हात लागतात. पातं घडवणारा लोहार, त्याच्या इशाऱ्यावर घण मारणारे एक-दोघे, भाता ओढणारा, पाणी देणारा (म्हणजे तापलेलं पातं एकदम गार करून कडक करणारा), सहाणेवर घासून धार काढणारा शिकलगार, मूठ आणि परज बसवणारा, आणि लाकूड-चामड्याचं म्यान करणारा. जर्मनीतलं सोलिंगेन हे पात्यांसाठी प्रसिद्ध गाव. तिथे १५व्या शतकात पाती घडवणाऱ्यांचा संघ वेगळा, पाणी देणाऱ्या आणि घासणाऱ्यांचा वेगळा, मूठ बसवून तलवार पुरी करणाऱ्यांचा वेगळा होता. कथेच्या दृष्टीने ही वाटणी सोन्यासारखी आहे. घासताना पात्यात केसासारखी चीर दिसली, तर दोष कोणाचा? लोहार म्हणणार पाणी देणाऱ्याने घाई केली, पाणी देणारा म्हणणार पोलादच खराब होतं, आणि शिकलगाराचे दोन दिवस फुकट गेलेले असणार.

चिलखतकार हा तलवारीच्या लोहाराचा भाऊबंद खरा, पण त्याचा हात निराळा. तो पत्र्याशी बोलतो, त्याचं बरंचसं काम थंड पत्र्यावर होतं आणि त्याला धातूइतकीच शिंप्याची अक्कल लागते. जर्मनीतल्याच न्यूरेंबर्गमध्ये तपासून पास झालेल्या चिलखतांवर शहराचा ठसा मारत. तुमच्या नगरातही असा तपासनीस आणि असा ठसा ठेवा. खोट्या ठशाचं प्रकरण मग तुम्हाला शोधत येईल.

आता जागा. एक किलो लोणारी कोळशाला चार-पाच किलो सुकं लाकूड जातं, रचलेली भट्टी नीट साधली नाही तर त्याहूनही जास्त. म्हणून मोठ्या शस्त्रशाळेच्या नगराभोवतीचं जंगल दरवर्षी मागे सरकलं पाहिजे आणि वेशीवर कोळशाच्या गाड्यांची रांग दिसली पाहिजे. दगडी कोळसा वापरायचा असेल तर त्यातलं गंधक लक्षात ठेवा. ते लोखंडात शिरलं की लोखंड तापलेलं असतानाच घणाखाली तडकतं. आळी वस्तीच्या कडेला, वाऱ्याची दिशा पाहून, छपरं कौलांची. मोठे घण आणि दगडी सहाणा पाणचक्कीवर चालवायच्या तर नदीकाठ हवा, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की घासायचं काम तुंबणार. सहाणेच्या दगडाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते, त्यामुळे तुमचा वयस्क शिकलगार धापा टाकणाराच असेल. मोठी सहाण फिरताना फुटली तर समोरचा माणूस वाचत नाही.

चित्रकारांसाठी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. घडवण्याची जागा अंधारी असते आणि तिला अंधारच लागतो, कारण लोखंडाची उष्णता डोळ्यांनी, रंगावरून ओळखायची असते. उघड्या उन्हात डाळिंबी लाल तुकडा जवळजवळ काळाच दिसतो. भर चौकात, टळटळीत उन्हात पेटवलेली भट्टी दिसायला छान असेल, पण तिथे काम बिघडणार. उलट शिकलगाराला मोठी खिडकी द्या. पात्यावरून सरकणाऱ्या उजेडाची रेघ कुठे मोडते, त्यावरून त्याला उंचवटा कळतो. ऐरण जमिनीत पुरलेल्या जाड ओंडक्यावर बसवलेली, आणि तिची उंची हात खाली सोडून मूठ वळली की बोटांची पेरं टेकतील इतकी. कमरेच्या वर आलेली ऐरण चित्रात वारंवार दिसते. तिच्यावर तासभर ठोकलं तर खांदा कामातून जाईल. भट्टी आणि ऐरण यांत एका वळणाचं अंतर असावं. चार-पाच पावलं चालायला लागली तर पातळ पातं वाटेतच निवतं.

पातं कसं होतं, हे मात्र सावकाश समजून घ्या.

लोखंडात कार्बन किती, यावर सगळं ठरतं. ०.३ टक्क्यांच्या खाली असेल तर पाणी दिलं तरी ते फारसं कडक होत नाही, आणि २ टक्क्यांच्या वर गेलं की ते बीड होतं, घण मारला की फुटतं. तलवारीला साधारण ०.५ ते ०.८ टक्के लागतो. रंगांची शिडी अशी: मंद लाल सुमारे ६५० अंश सेल्सियस, डाळिंबी लाल ७५० ते ८००, नारिंगी ९५०च्या आसपास, पिवळा ११००, आणि पांढरट पिवळा १३००, जिथे दोन तुकडे वाळू किंवा टाकणखार टाकून ठोकले की एकजीव होतात. घडवायचं काम नारिंगी ते पिवळ्यात करायचं. मंद लालच्या खाली ठोकत राहिलं तर आत चिरा पडतात. पांढऱ्याच्या पुढे गेलं तर तुकड्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात आणि पोलाद जळतं. जळलेलं पोलाद सुधारत नाही, तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो. नवशिक्याची सगळ्यात महागडी चूक हीच, आणि कथेतल्या शागिर्दाला पहिल्याच महिन्यात ती करू द्या.

दर वेळी तापवताना पृष्ठभागावर काळी खपली धरते. ती झटकली नाही तर पुढच्या घावाने ती आत रुतते आणि पात्याला खड्डे पडतात. म्हणून खरा लोहार तुकडा बाहेर काढला की आधी खरवडतो, मग ठोकतो. या खपलीपायी वजनही घटत जातं, तेव्हा सुरुवातीचा तुकडा नेहमी तयार पात्याहून भारी घ्यायचा.

घडवून झालं की लगेच पाणी देत नाहीत. पातं डाळिंबी रंगाच्या जरा वर नेऊन हवेत काळं होईपर्यंत सोडायचं, असं तीन वेळा, दर वेळी थोडं कमी तापवून. घणाने आत साठलेला ताण यात निघून जातो आणि जाड झालेले कण बारीक होतात. हे टाळलं की पुढे पातं पिळवटतं. मग कानशीने आणि सहाणेवर आकार आणायचा, पण धारेच्या जागी एक-दीड मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवायची. आधीच धार काढून ठेवली तर पाणी देताना ती लाटेसारखी वाकते किंवा तडकते.

पाणी देणं हा खरा नाट्याचा क्षण. ‘पाणीदार’ हा शब्द आपण माणसांना लावतो, तसा तो नीट पाणी दिलेल्या पात्यालाही लागतो. बहुतेक पोलादाला ८०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. सुमारे ७७० अंशांना लोखंडाचं चुंबकत्व जातं, म्हणून दोरीला टांगलेला चुंबक चिकटेनासा झाला की आणखी थोडं तापवायचं आणि थांबायचं. चुंबक नसेल तर रंग आणि अनुभव. त्यानंतर शक्यतो तेलात, तेही ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेल्या, कारण कोमट तेल पातळ असतं आणि उष्णता लवकर ओढून घेतं. साधं पाणी फार वेगाने गार करतं. पातळ पात्याला त्यात ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो, आणि तो आवाज ऐकला की सगळी शाळा गप्प होते, कारण पातं तडकलेलं असतं. पातं सरळ, उभं बुडवायचं. तिरकं गेलं तर एक बाजू आधी गार होऊन ते वाकतं. बाहेर काढल्यावर हाताला चटका देण्याइतकं गरम असतानाची काही सेकंदं त्याला सरळ करण्याची संधी असते. पूर्ण गार झाल्यावर दाबलं तर काचेसारखं मोडेल. कानस फिरवून बघायची: न चावता घसरली, तर पाणी चढलं.

इथे कथाकार थांबतात आणि तलवार नायकाच्या हाती देतात. तसं करू नका, ती पहिल्याच घावाला तुटेल. तिला पुन्हा मंद तापवून कडकपणा थोडा उतरवावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढतात: फिकट सोनेरी २२० अंशांजवळ, तपकिरी २६०, जांभळा २८०, निळा ३००. सुरीला सोनेरी पुरे, लवचिक राहायला हवी त्या तलवारीला निळ्याच्या जवळपास न्यावं लागतं. रंगांची ही सरकती पट्टी आजवर फार कमी चित्रांत दिसली आहे. काढून बघा.

तलवार मोडते ती बहुधा पात्यात नव्हे, मुठीत. मुठीत जाणारं शेपूट अरुंद केलं आणि खांद्याशी काटकोनी खाच ठेवली, की सगळा ताण तिथे गोळा होतो. तो कोपरा गोलसर ठेवायचा आणि शेपटाला पाणी द्यायचं नाही. पात्यावरची लांब पन्हळ रक्त वाहून जायला असते, ही समजूत सोडून द्या. ती ताकद न घालवता वजन कमी करते. पातं मुठीपाशी ६ मिलिमीटर जाड असेल तर टोकाकडे ते २-३ मिलिमीटरवर येतं. एकहाती तलवार सव्वा किलोच्या आसपास, दोन्ही हातांची दीड ते पावणेदोन, आणि माणसाच्या खांद्याएवढी मोठी असली तरी अडीच-तीन किलो. गेममध्ये दहा किलोची तलवार पाहिली, की ती कोणीच उचललेली नाही हे कळतं.

चिलखतात माप आधी, धातू नंतर. माप घ्यायचं ते आत घालायच्या जाड, थरांवर थर शिवलेल्या अंगरख्यावरून. उघड्या अंगावरून घेतलं तर तयार चिलखत घालताच येत नाही. पुठ्ठ्याचे नमुने कापून, अंगावर बांधून, माणसाला बसायला, वाकायला, हात डोक्यावर न्यायला लावायचं. मगच पत्रा कापायचा, आणि कडा लगेच कानशीने गुळगुळीत करायच्या, कारण कडेच्या बारीक दातेरीतूनच पुढे चीर धावते. लाकडाच्या ओंडक्यातल्या खळग्यात पत्रा ठोकून खोलगट केला तर मधला भाग ताणून पातळ होतो, म्हणजे नेमका जिथे घाव बसतो तिथे. गोल माथ्याच्या खुंटीवर बाहेरून आत चेपत नेला तर जाडी टिकते, पण वेळ कितीतरी जास्त लागतो. शिरस्त्राणासाठी हा वेळ द्यावाच. ठोकून पत्रा कडक होतो. हातोडा उसळायला लागला आणि आवाज चढा झाला, की लाल करून सावकाश गार होऊ द्यायचा, नाहीतर फाटणार.

छातीचा पत्रा मध्यभागी दोन-अडीच मिलिमीटर आणि बगलेकडे एकच, अशी असमान जाडी मुद्दाम ठेवतात. कोपर-गुडघ्यांच्या पट्ट्या लांबट भोकांतल्या रिव्हेटवर सरकतात. भोक गोल केलं तर सांधा अडकतो, फार लांब केलं तर फट पडते. पूर्ण पोशाख १५ ते २५ किलोंचा, तोही अंगभर वाटलेला, त्यामुळे त्यात धावता येतं, पडलं तर उठता येतं. कड्यांच्या चिलखतात प्रत्येक कडं चार कड्यांत अडकलेलं असतं. गुडघ्यापर्यंतच्या एका अंगरख्याला वीस-तीस हजार कडी लागतात, आणि प्रत्येकाची टोकं चपटी करून, भोक पाडून, चिमुकल्या रिव्हेटने बंद करावी लागतात. नुसती वाकवून जुळवलेली कडी भाल्याच्या टोकाने उघडतात. नगरातल्या लहान मुलांना काय काम मिळत असेल, हे इथे दिसतं.

जादू आणायची असेल तर ती कुठे आणायची, याचा विचार करा. ड्रॅगनच्या ज्वाळेत तलवार घडवणं लोकप्रिय आहे, पण लोहाराला उष्णतेची चणचण नसते; भाता जोरात ओढला तरी तो पोलाद जाळू शकतो. त्याची अडचण उष्णता नेमकी ओळखण्याची आणि लांब पात्यावर टोकापासून मुठीपर्यंत सारखी ठेवण्याची आहे. रंग न चुकता सांगणारा एखादा मंत्र, नाहीतर तसे डोळे असलेली एक मुलगी, अशा आळीत कुठल्याही ज्वाळेपेक्षा मोलाची ठरेल. दुर्मीळ धातूसाठी उक्कूचा नमुना समोर ठेवा. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत हे पोलाद मातीच्या मुशीत वितळवून करत. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. सवयीने पिवळं करून ठोकलं की त्याचा चुरा होतो, कमी आचेवर धीराने घडवलं तर पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. परक्या लोहाराच्या हातात ज्याची माती होते असा हा धातू खरोखर होता.

लिहायला बसण्याआधी एखाद्या चालू भट्टीपाशी दिवसभर उभं राहा. सुती कपडे, बंद बूट, डोळ्यांना चष्मा. नायलॉन ठिणगीने अंगाला चिकटतं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कोणी आगीत टाकत असेल तर बाहेर या, तो धूर विषारी असतो. तेलाच्या टाकीला आग लागली तर पाणी ओतायचं नाही, लोखंडी झाकण टाकायचं. ते झाकण टाकीशेजारीच टेकवून ठेवलेलं आहे का, हे तिथे पोचताच बघा. आणि कान देऊन ऐका. घाव गरम लोखंडावर पडला तर आवाज बोदा येतो, ऐरणीवर पडला तर खणखणीत. थोड्या वेळाने मान न वळवताही कळायला लागतं, की ठोकणारा जुना आहे की कालच आलेला.