सिमेंट रस्ता: जाडी ओतायच्या आधीच मोजा

आमच्याकडे लातूर भागात गल्लीतला सिमेंट रस्ता कडेला जाड, मधोमध पातळ निघायचा. कारण एकच, खालचा मुरूम दबाई न करता उंचसखल टाकलेला. यंदा ग्रामसेवकांकडून अंदाजपत्रकाची प्रत घेतली: जाडी 15 सेंमी, काँक्रीट एम-20 (ही मजबुतीची प्रत). ओतायच्या आधी दोन्ही कडेच्या फर्म्यांवरून (काँक्रीट अडवणाऱ्या साच्यांवरून) आडवी दोरी ताणून दर पाच मीटरला मधली खोली टेपनं मोजली. कमी भरली तिथं मुरूम खरवडायला लावला. ओतून झाल्यावर नुसतं भांडणच उरतं. मजबुतीच्या चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे समोर भरून घ्या, तारीख घाला. क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं व्हायला, रस्त्यावर वाफे करून पाणी साठवायचं. उन्हाळ्यात टँकर कोणाचा, हे कार्यारंभ आदेशाआधीच ठरवा. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही, तेव्हा अभियंता येईल त्या दिवशी टेपचं दुसरं टोक आपण धरायचं.