छोटं आर्ट्स कॉलेज कसं पारखावं: काउंटरच्या आतून

मागच्या वर्षी बारावीचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोहोळहून आक्काचा फोन. "पोरीला एकसष्ट टक्के पडलेत. आर्ट्सच करायचं म्हणतीय. कुठं घालायचं ते तूच सांग, एवढी वर्षं कॉलेजात काढलीस की."

काढली हे खरं, पण शिकवण्यात नाही. १९९१ ते २०२२ मी सोलापुरातल्या एका छोट्या आर्ट्स कॉलेजच्या लायब्ररीत परिचर होतो. पुस्तक काढून देणं, परत आलेलं जागेवर लावणं, दंड घेणं, संध्याकाळी पंखे बंद करणं. मी लागलो तेव्हा कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं होतं. २००४ साली आपल्या एका जिल्ह्यापुरतं वेगळं विद्यापीठ झालं आणि आमचे शिक्के बदलले, एवढंच माझ्या खात्यात मोठं घडलं. पोरं मला मामा म्हणायची. कोण खुशीत आहे आणि कोण नुसते दिवस ढकलतंय, हे स्टाफरूमच्या आधी काउंटरवर कळतं. त्या जोरावर भाचीसाठी जे केलं, ते इथं लिहितोय.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा. छोटं कॉलेज वेगळं आणि ओस पडलेलं कॉलेज वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात: एक इमारत, समोर दोन निंबाची झाडं, वर्गात वीसेक पोरं. छोट्या कॉलेजात वीस दिसतात कारण पटावर पंचवीस असतात. ओस कॉलेजात पटावर ऐंशी असतात. त्यातली साठ चाकणला कंपनीत नाहीतर गावाकडं शेतात, परीक्षेपुरती उगवतात. उरलेल्या वीसांना तिथं करमत नाही, कारण कोणी आलं काय आणि गेलं काय, विचारणारं कोणी नसतं. छोट्या कॉलेजात पोरं रमतात ती नेमकी या विचारण्यावर. "काल कुठं होतास बे?" हा प्रश्न सरांकडून, शिपायाकडून, टपरीवाल्याकडून, सगळीकडून येतो.

शहरातली मोठी नावं, १९४० चं दयानंद, १९५३ चं संगमेश्वर, त्यांच्याबद्दल मी काही सांगायची गरज नाही. तिथला पसारा वेगळा आणि फायदेही वेगळे. आमचे इंग्रजीचे सर सांगायचे, अमेरिकेत अशा छोट्या कॉलेजांची वेगळी जातच आहे, लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात. विल्यम्स १७९३ चं, ॲमहर्स्ट १८२१ चं, आणि इतकी वर्षं झाली तरी दोन्हीकडं विद्यार्थी साधारण दोन हजारच. इतिहास घेतलेला पोरगा तिथं खगोलशास्त्राचाही एखादा पेपर घेतो, राहणं-जेवणं सगळं आवारातच. फी ऐकली तर आपण पाणी मागू. आपल्याकडं आवारात राहणं कुठलं, दुपार कलली की पोरं एसटी स्टँडकडं पळतात. तरी वर्ग लहान असण्याची गंमत दोन्हीकडं एकच असावी.

तर, पारखायचं कसं. ॲडमिशनच्या गर्दीत कुठलंही कॉलेज गजबजलेलं दिसतं, म्हणून शक्य असेल तर बारावीच्या वर्षातच, दिवाळीची सुट्टी संपल्यावर आणि संक्रांतीची गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आत, एखाद्या साध्या मंगळवारी अकरा वाजता जाऊन या. आम्हाला तेवढा अवधी नव्हता. जूनमध्येच तीन कॉलेजं पाहिली.

पहिल्या ठिकाणी क्लार्कनं फॉर्म द्यायच्या आधीच दिलासा दिला: "रोज यायची गरज नाही हो. मोहोळहून कशाला दगदग? परीक्षेपुरतं या, आम्ही बघून घेतो." आक्का खूश झाली, एसटीचा पास वाचला म्हणून. मी उठलो. "बघून घेतो" हे शब्द ऐकले की उठायचं, पुढचं काही विचारत बसायचं नाही.

दुसऱ्या ठिकाणी मी माझी जुनी युक्ती वापरली. लायब्ररीत जायचं, "जरा पुस्तकं बघू का" म्हणून विचारायचं. क्रमिक पुस्तकांच्या कपाटाकडं जायचंच नाही, ती तर कुठंही फिरतात. कथा-कादंबरीचं नाहीतर चरित्राचं कपाट गाठायचं. कुठलीही पाच पुस्तकं काढायची आणि शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायची. माझ्या काउंटरवर त्या चिठ्ठ्या भरून गेल्या की मी वर दुसरी चिकटवायचो. काही पुस्तकांना तीन-तीन थर होते, खळ वाळून पान फुगायचं. असं फुगलेलं पुस्तक दिसलं की समजा, इथं पोरं वाचतात आणि देणाराही देतो. त्या दुसऱ्या कॉलेजात पाचांपैकी चार पुस्तकांवरचा शेवटचा शिक्का २००९ चा होता. पाचव्याची पानंच सुटी केलेली नव्हती. आता बऱ्याच ठिकाणी बारकोड आलेत, चिठ्ठ्या नसतात. मग धूळ बघा. पुस्तकाच्या वरच्या कडेवर बोट फिरवलं की कळतं.

तिसऱ्या ठिकाणचं काम गेटबाहेरच्या टपरीवर. जूनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची पोरं मार्कमेमो आणि बोनाफाईडसाठी येतात, त्यांना चहा पाजा. "कॉलेज कसंय?" असं विचारू नका, "चांगलंय की" एवढंच उत्तर येतं. विचारायचं असं: सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात शेवटचा तास कुठला झाला होता? सरांना तुझं नाव माहीत आहे का, की रोल नंबर? तुझ्या वर्गातलं कोण मध्येच कॉलेज सोडून गेलं, आणि का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पोरांना देता आलं, म्हणजे नाव, गाव, कारण सगळं सांगता आलं, तर ते कॉलेज चांगलं. एका पोरानं आम्हाला सांगितलं, "तिचं लग्न ठरवलं होतं, मॅडम घरी जाऊन आल्या, आता परत येतीय." तिथंच आक्कानं माझ्याकडं बघितलं.

विषयांचं मात्र ऑफिसात नीट विचारून घ्या. माहितीपत्रकात आठ विषय छापलेले असतात आणि पूर्णवेळ शिक्षक तिघांनाच असतात. बाकीचे तासिका तत्त्वावर. ही तरुण मंडळी जीव तोडून शिकवतात, माझा त्यांच्यावर काडीचा राग नाही. पण बाराचा तास संपवून एकच्या तासाला दुसऱ्या कॉलेजात पोचायचं असतं त्यांना, शंका विचारायला थांबणार कोण? तुमचा मेजर, म्हणजे मुख्य विषय पूर्णवेळ शिक्षकाचा असेल असं बघा. नव्या शैक्षणिक धोरणात दर सत्राला २० ते २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या भाराचे गुण आहेत आणि मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा एक विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घ्यावाच लागतो. छोट्या कॉलेजात तिथं निवड कमी, कधी एकच विषय "निवडायला" ठेवतात. हा तोटा खराच आहे, तो झाकून काय उपयोग?

कागदपत्रांचं थोडक्यात: आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा, नाहीतर एबीसी आयडी (क्रेडिट जमा होण्याचं खातं) आणि महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज दोन्ही अडकतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढा. एसटीचा विद्यार्थी पास काढला की भाड्याचा एकतृतीयांशच भरावा लागतो, मोहोळ-सोलापूर रोजचं जमून जातं.

आता ॲडमिशन झाल्यावरचं.

पहिल्या दिवशी वर्ग शोधायच्या आधी लायब्ररी कार्ड मागा. हे मी एवढ्या आग्रहानं सांगतो कारण इथं माझी चूक आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. शहराच्या पूर्व भागातली एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातली मुलगी, घरी आई विड्या वळायची, जुलैमध्ये पुस्तक मागायला आली. ओळखपत्र तयार नव्हतं. मी म्हटलं, कार्डाशिवाय नाही. दोन दिवसांनी परत आली, परत तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी वर बघितलंसुद्धा नाही. दिवाळीनंतर ती वर्गाच्या हजेरीपटावरून गळाली. पुस्तक दिलं असतं तर राहिली असती का, सांगता येत नाही. पण त्यानंतर मी फीची पावती बघून पुस्तक द्यायला लागलो, नियम गेला खड्ड्यात. तुमचं ओळखपत्र लांबलं तर पावती पुढं करा, ग्रंथपालांना भेटा, अडून बसा.

दुसरं, जिथं माणूस कमी पडतोय तिथं जाऊन उभं राहा. मोठ्या कॉलेजात एकांकिकेसाठी चाळीस जण चाचणीला येतात. आमच्याकडं युवा महोत्सवाच्या एकांकिकेला पात्रं सात आणि कॉलेजात धड बोलणारी पोरं अकरा, त्यातल्या चौघांना सकाळी यंत्रमागावर जावं लागायचं. एका वर्षी हवालदाराच्या कामाला कोणी मिळेना म्हणून तेलुगू घरातल्या एका लाजऱ्या पोराला ओढून नेलं. तीन वाक्यं होती. मराठी बोलताना त्याचा तेलुगू हेल लपत नसे, पोरं हसायची. तो रोज दुपारी भूगोलाच्या कपाटामागं उभा राहून ती तीन वाक्यं घोकायचा, मला दिसायचे फक्त कपाटाखालून त्याचे पाय, उजवा पाय पुढं टाकून "थांब! कोण आहे तिकडं?" प्रयोगात त्या हेलालाच टाळ्या पडल्या. मग तो नाटकांची पुस्तकं मागायला लागला, वर्षभरात ते कपाट त्यानं रिकामं करत आणलं. गर्दीच्या ठिकाणी त्याला कोणी बोलावलंच नसतं.

हेच भित्तिपत्रकाचं, हेच एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं. एनएसएसला वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं खेड्यातलं शिबिर असतं. तिथं भाकरी थापायला प्राचार्यही बसतात, म्हणजे आमचे बसायचे, वाईट थापायचे. कमवा आणि शिका योजना असेल तर लायब्ररीतलं काम मागा. सावलीत बसायला मिळतं आणि नवं पुस्तक पहिल्यांदा हातात पडतं.

तिसरं, सहल चुकवू नका, विशेषतः इतिहासाची. आमचे सर दर वर्षी हत्तरसंग कुडलला न्यायचे, भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं, सोलापूरपासून ४० किलोमीटरच्या आसपास. मोठ्या वर्गाला दोन बस लागल्या असत्या आणि बेत बारगळला असता. आमचा वर्ग एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावायचा, शिवाय मीही. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. अक्षरं वर आहेत, मान मोडते. सर काही सांगायचे नाहीत, नुसती बॅटरी देऊन बाजूला व्हायचे. पोरं एकेक अक्षर लावत बसायची. अक्कलकोटकडच्या कानडी बोलणाऱ्या एका पोरीला एक ओळ आधी लागली आणि ती ओरडली: "वाछि तो विजेया होइवा!" वाचेल तो विजयी होईल. मराठी पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. परतल्यावर मी ती ओळ खडूनं काउंटरमागच्या फळ्यावर लिहिली. निवृत्त होईपर्यंत दर जूनला पुसून नव्यानं लिहीत होतो.

तोटे? आहेत. एखादे सर कंटाळवाणे निघाले तर तीन वर्षं तेच, पळायला दुसरी तुकडी नाही. कोण कोणाबरोबर टपरीवर चहा प्यायलं हे घरापर्यंत पोचतं, मुलींना याचा जास्त जाच. नोकरी द्यायला कंपन्या येत नाहीत. स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासिका धरून बसतात आणि बाकीच्यांना खुर्ची मिळत नाही. पण तीच पोरं मराठीच्या मॅडमना पाच-पाच पानांची उत्तरं लिहून दाखवायची आणि मॅडम लाल पेनानं प्रत्येक पान तपासून द्यायच्या, फुकट. शंभरच्या वर्गात कुठल्या मॅडमना ते जमेल?

पुस्तकं कमी असणार हे धरूनच चाला. कॉलेजचं कार्ड झालं की शहरातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयाची वर्गणीही भरून टाका, भाचीलाही तेच सांगितलं.

तिला तिसऱ्या कॉलेजात घातलं, जिथल्या मॅडम लग्न ठरलेल्या पोरीच्या घरी गेल्या होत्या. इतिहास मेजर. पहिल्या आठवड्यात दुपारी फोन आला. "मामा, काउंटरवरचा माणूस पुस्तक देईना. ओळखपत्र आण म्हणतोय."

"फीची पावती दाखवलीस का?"

"दाखवली. नुसतं बघितलं."

"उद्या परत जा. आणि परवा पण जा."

तिसऱ्या दिवशी दिलं म्हणे. सात दिवसांसाठी.