सोलापुरात बसून समुद्रतळाचे खळगे वाचायला शिकायचं तर

समुद्रतळाच्या मऊ गाळात पडलेले, देवीच्या वणांसारखे दिसणारे खळगे म्हणजे पॉकमार्क. रुंदी काही मीटरपासून शेकडो मीटरपर्यंत. १९७० साली किंग आणि मॅक्लीन यांनी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियासमोरच्या समुद्रात त्यांचं वर्णन केलं.

बेसाल्टच्या मुलखातल्या विद्यार्थ्याने या विषयाला बिचकू नये. भीमेकाठी काळ्या मातीखाली जुन्या पात्राची वाळू लागली की विहिरीला पाणी येतं, हे ज्याला उमगलं त्याला अर्धा विषय आला. समुद्राखालची पात्रंही वाळूने भरतात, वर चिखलाचं झाकण बसतं. वायू किंवा पाणी वाळूतून आडवं सरकतं आणि झाकण जिथे कच्चं तिथे वर फुटतं. काँगोसमोरच्या समुद्रात गाडलेल्या पात्राच्या माथ्यावर खळग्यांची माळच दिसते.

हे हाताने करून बघा. काचेच्या उंच बरणीत ५ सेंमी धुतलेली वाळू, त्यात पुरलेली सलाइनची नळी, वर ४ सेंमी श्रीखंडाइतका दाट काळ्या मातीचा चिखल, त्यावर चार बोटं पाणी. ५० मिलीच्या सिरिंजने पाणी हळू ढकला. चिखल आधी फुगतो, मग चिरतो, गढूळ झोत उठतो; हात थांबवला की खळगा उरतो. नळी काचेला टेकली तर पाणी कडेनेच निसटतं. नळीत हवा राहिली तर खळगा बुडबुड्याचा, पाण्याचा नव्हे.

मग संगणक. जेबको या जागतिक प्रकल्पाचा समुद्राच्या खोलीचा फुकट नकाशा ठिकाण कळण्यापुरता; त्याचा एक चौकोन सुमारे ४५० मीटरचा, त्यात १०० मीटरचा खळगा दिसणारच नाही. ओपनडीटेक्ट या संगणक-प्रणालीत उत्तर समुद्राचा एफ-३ हा मोफत विदासंच उघडा; तळाखालच्या थरांवरून परतलेल्या ध्वनीचं ते चित्र. गिरणीच्या चिमणीसारखा उभा, विस्कटलेला पट्टा म्हणजे वायू वर चढल्याची खूण.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे: खळग्याखालचे थर वाकलेले दिसले की लोक लगेच ‘वायू’ लिहून मोकळे होतात. आधी गणित करा. पाण्यात ध्वनीचा वेग गाळातल्यापेक्षा कमी, म्हणून खालचे थर उगाचच खचल्यासारखे दिसतात. खळगा २० मीटर खोल, वेग पाण्यात १५०० आणि गाळात १७०० मीटर प्रतिसेकंद धरला, तर ध्वनीच्या जाण्यायेण्याच्या वेळेतला फरक जेमतेम ३ मिलिसेकंद. थरांतली खाच १५ मिलिसेकंदांची असेल तरच दुसरं कारण शोधा. वायू साठला असेल तर थर चित्रात झळाळतो आणि त्याची ध्रुवता, म्हणजे परतलेल्या लहरीची वर-खाली दिशा, समुद्रतळाच्या उलट येते. तेवढ्यानेही गळती आज चालू आहे असं ठरत नाही. त्यासाठी मल्टिबीमवर, म्हणजे जहाजावरच्या अनेक किरणांच्या ध्वनिमापकावर, पाण्यात चढणाऱ्या बुडबुड्यांचा झोत दिसायला हवा.